काठ, केंद्र आणि पुनरावृत्ती : संगणकीय पार्श्वभूमीवरील अखंड नक्षीचे समीक्षण

गोषवारा :
संगणकीय आरेखनात व संकेतस्थळांच्या रचनेत पार्श्वभूमीसाठी वापरली जाणारी 'सीमलेस पॅटर्न' अर्थात अखंड नक्षी ही निव्वळ सजावट म्हणून पाहिली जाते व म्हणूनच समीक्षेच्या कक्षेबाहेर राहते. प्रस्तुत लेखात या नक्षीच्या निर्मितीचे तंत्र, तिचा अल्प इतिहास आणि तिची रूपात्मक अट यांचा विचार केला आहे. वारली चित्रपरंपरेच्या उदाहरणाच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, अखंड नक्षी कोणत्याही परंपरेचा स्वीकार करताना तिच्यातील काठ आणि केंद्र ही दोन अंगे वगळते आणि हे वगळणे अर्थाच्या पातळीवर तटस्थ नसते.

बीजसंज्ञा : अखंड नक्षी, पोत, पुनरावृत्ती, काठ, चौक, वारली चित्रकला.

१. प्रस्तावना

पडद्यावरचा मजकूर वाचताना त्याच्या मागे काय आहे याकडे वाचकाचे लक्ष सहसा जात नाही. कागदाचा खरखरीतपणा, संगमरवराच्या शिरा, तागाचे विणकाम, फुलापानांची जाळी अशी काही ना काही पार्श्वभूमी तेथे असते. ती यशस्वी झाली आहे याची खूण हीच की ती लक्षात येत नाही. साहित्यसमीक्षेने आशय आणि अभिव्यक्ती यांच्या संबंधाची चर्चा पुष्कळ केली. चित्रकलेच्या समीक्षेने अग्रभूमी व पार्श्वभूमी यांचे नाते तपासले. मात्र जी पार्श्वभूमी कोणत्याही अग्रभूमीसाठी आगाऊ तयार करून ठेवलेली असते, जिचा निर्माता तिच्यावर पुढे काय छापले जाणार हे जाणत नाही, अशा पार्श्वभूमीविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही.

अशा नक्षीला समीक्षेचा विषय मानावे काय, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. अलंकरणाविषयीचा संशय जुनाच आहे. आडोल्फ लोस या वास्तुकाराने १९१० मध्ये व्हिएन्नात दिलेल्या व्याख्यानात अलंकरणाची सांगड थेट गुन्ह्याशी घातली होती. याउलट विल्यम मॉरिस यांनी १८८१ मधील आपल्या व्याख्यानात, नक्षीला काही अर्थ असलाच पाहिजे, असा आग्रह धरला होता. या दोन टोकांच्या भूमिकांमध्ये एक गोष्ट समान आहे. दोघेही नक्षीला निरर्थक मानून सोडून देत नाहीत. प्रस्तुत लेखाची भूमिकाही हीच आहे.

२. सांधा लपविण्याचे तंत्र

अखंड नक्षी कशी तयार होते हे समजून घेतल्याशिवाय तिचे मूल्यमापन करता येणार नाही. एक चौरस चित्र घेतले आणि ते फरशीसारखे शेजारी शेजारी मांडले तर प्रत्येक जोडावर रेषा दिसते. ही रेषा नाहीशी करण्यासाठी आरेखनकार ते चित्र रुंदीच्या व उंचीच्या निम्म्या अंतराने सरकवतो. उजवीकडून बाहेर गेलेला भाग डावीकडून आत येतो, खालून गेलेला वरून येतो. फोटोशॉपमध्ये यासाठी 'ऑफसेट' ही सोय आहे. असे सरकवल्यावर चारही कडा चित्राच्या मध्यभागी येऊन मिळतात आणि आतापर्यंत बाहेर असलेला सांधा अधिकचिन्हाच्या आकारात ठळकपणे समोर येतो. मग आसपासचा पोत उचलून तो त्या सांध्यावर लिंपला जातो. पुन्हा सरकवून पाहिले असता सांधा दिसला नाही की अर्धे काम झाले.

उरलेले अर्धे काम अधिक महत्त्वाचे आहे. सांधा बुजला तरी लाकडातील एखादी गाठ, पानांमधील एखादे गडद पान, दगडावरील एखादा डाग शिल्लक असेल तर तो प्रत्येक चौरसात त्याच जागी येतो आणि दुरून पाहिल्यास अशा डागांच्या ओळीच्या ओळी दिसू लागतात. म्हणून आरेखनकार तो डागही पुसतो. अन्र्स्ट गोम्ब्रिख यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द सेन्स ऑफ ऑर्डर' या ग्रंथात मानवी दृष्टीच्या एका प्रवृत्तीचे विवेचन केले आहे. सुव्यवस्थित रचनेकडे पाहताना डोळा तिच्यातील खंड आधी टिपतो. अखंड नक्षीचे तंत्र म्हणजे डोळ्याला असा खंड कोठेही मिळू नये याची तजवीज होय.

यातून या नक्षीची मूलभूत अट स्पष्ट होते. तिच्यात एकमेव असे काहीही असता कामा नये. जे एकदाच येते, जे इतरांहून वेगळे आहे, ते येथे दोष ठरते. पोत असावा परंतु ज्या वस्तूचा तो पोत आहे तिचे व्यक्तित्व नसावे, ही ती अट आहे.

३. आठ बिंदूंपासून संकेतस्थळापर्यंत

ही अट सौंदर्यविचारातून नव्हे तर काटकसरीतून आली, हे लक्षात घेतले पाहिजे. १९८४ मध्ये आलेल्या मॅकिंटॉश संगणकाचा पडदा ५१२ बाय ३४२ बिंदूंचा होता व त्यात काळा आणि पांढरा असे दोनच रंग होते. त्याची पार्श्वभूमी आठ बाय आठ बिंदूंच्या एका एककातून भरली जात असे. ६४ बिंदूंची ही नक्षी अवघ्या ८ बाइटमध्ये मावत होती आणि वापरकर्त्याला ती स्वतः बदलताही येत होती. एकूण स्मृती १२८ किलोबाइट असलेल्या यंत्रात संपूर्ण पडद्याचे स्वतंत्र चित्र केवळ शोभेसाठी साठवणे ही चैन ठरली असती. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये मार्बल, लीव्ज, टार्टन, रेडब्रिक, थॅच अशा नावांच्या पार्श्वभूमी होत्या. संगमरवर, पाने, चौकडीचे कापड, विटा, गवताचे छप्पर ही नावे लक्षणीय आहेत. ज्या पृष्ठभागाला हात लावला असता केवळ काच लागते, त्या पृष्ठभागावर स्पर्शाची आठवण पसरविण्याचा तो प्रयत्न होता.

१९९५ मध्ये नेटस्केप या न्याहाळकाच्या १.१ या आवृत्तीने संकेतपृष्ठाच्या मागे चित्र ठेवण्याची सोय दिली. चित्र पडद्याहून लहान असेल तर ते आपोआप आडवे-उभे पसरत असे. या सोयीमागील गणित साधे आहे. ६४० बाय ४८० बिंदूंचे, २५६ रंगांचे चित्र संकुचन न करता पाठवायचे तर ३,०७,२०० बाइट लागतात. सेकंदाला २८,८०० बिट वाहून नेणाऱ्या तत्कालीन मोडेमवर त्यास सुमारे ८५ सेकंद लागत. याउलट ६४ बाय ६४ बिंदूंचे एकक ४,०९६ बाइटचे असल्याने एका सेकंदाहून किंचित अधिक वेळात येऊन पोहोचे आणि पंचाहत्तर वेळा मांडले की तोच पडदा भरून जात असे. प्रत्यक्षात संकुचनामुळे हे आकडे कमी होत, पण त्यांचे परस्पर प्रमाण बोलके आहे.

डिसेंबर १९९६ मध्ये मान्य झालेल्या सीएसएसच्या पहिल्या प्रमाणित आवृत्तीत पार्श्वचित्राच्या पुनरावृत्तीचे चार पर्याय देण्यात आले. दोन्ही दिशांनी पुनरावृत्ती, केवळ आडवी, केवळ उभी आणि पुनरावृत्ती नाही. यांपैकी काहीच न सांगितल्यास दोन्ही दिशांनी पुनरावृत्ती गृहीत धरली जाते आणि हा नियम आजही तसाच आहे. चित्र एकदाच यावे अशी इच्छा असेल तर ती स्पष्टपणे लिहावी लागते. पुनरावृत्ती मात्र न मागता मिळते. पुढील विवेचनाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

पुढे संदेशवहनाचा वेग वाढला. २०१२ च्या विंडोज ८ आणि २०१३ च्या आयओएस ७ या प्रणालींनी चामडे, ताग, लाकूड यांचे आभास बाजूला सारून सपाट रंगांचा पुरस्कार केला. काटकसरीचे मूळ कारण संपले. तरीही अखंड नक्षी संपली नाही. कापडावरील छपाई, वेष्टने, फलक, निमंत्रणपत्रिका, अहवालांची मुखपृष्ठे यांसाठी तिचा बाजार टिकून राहिला. अलीकडे शब्दांत वर्णन करताच अशी नक्षी तयार करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही उपलब्ध झाली आहेत. कारण संपल्यानंतरही एखादे रूप टिकून राहते तेव्हा त्याचा समीक्षात्मक विचार करण्याची गरज अधिक असते.

४. अंग, काठ आणि चौक

पुनरावृत्तीच्या प्रकारांचे गणित एकोणिसाव्या शतकातच मांडले गेले होते. पृष्ठभागावर दोन स्वतंत्र दिशांनी पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीच्या सममितीचे नेमके १७ प्रकार संभवतात, हे फेडोरोव्ह यांनी १८९१ मध्ये सिद्ध केले. १९२४ मध्ये पोल्या यांनी स्वतंत्रपणे तेच दाखविले. एकाच दिशेने धावणाऱ्या पट्टीच्या सममितीचे प्रकार ७ आहेत. आणि जी आकृती एका बिंदूभोवती सिद्ध होते, जिला सरकवले असता ती स्वतःशी जुळत नाही, तिचा वर्ग निराळा आहे.

हे तीन वर्ग मराठी वाचकाला अनोळखी नाहीत. साडीच्या अंगावरील बुट्टी दोन्ही दिशांनी येते. काठ एकाच दिशेने धावतो. पदर जेथे वस्त्र संपते तेथे एकदाच येतो. पैठणीच्या अंगावरील बुट्टी नियमित अंतराने येत राहते. काठावरची नारळी नक्षी एका ओळीत चालते. विणकराचे सारे कौशल्य, मोर, कमळ, असावली यांचा सारा विस्तार मात्र पदरावर एकवटतो. अंगावरील पुनरावृत्ती तेथे साध्य नसून पदराची पूर्वतयारी आहे. पदर एकदाच येतो म्हणूनच तो पदर असतो. वर उल्लेखिलेले सीएसएसचे पर्याय या वर्गीकरणाशी जवळपास तंतोतंत जुळतात. दोन्ही दिशांनी पुनरावृत्ती म्हणजे अंग, एकाच दिशेने म्हणजे काठ आणि पुनरावृत्ती नाही म्हणजे पदर किंवा चौक. तंत्राने तिन्ही शक्यता दिल्या आहेत. बाजाराने, आणि काही न सांगता मिळणाऱ्या गृहीताने, त्यांतील पहिलीच सार्वत्रिक केली.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे ध्रुपदाची आठवण होणे स्वाभाविक आहे. अभंगात किंवा गीतात ध्रुपद पुन्हा पुन्हा येते. परंतु मधल्या कडव्यातून गेलेला श्रोता त्याच्याकडे परततो तेव्हा शब्द तेच असले तरी अर्थ पुढे सरकलेला असतो. ध्रुपदाला कडव्याची गरज असते. अखंड नक्षीत केवळ ध्रुपद आहे, कडवे नाही.

५. चौकाचा पट होताना

या वर्गीकरणाचा उपयोग वारली चित्रांच्या संदर्भात करून पाहता येईल. आरेखनासाठी तयार मिळणाऱ्या भारतीय नक्षींमध्ये वारली आकृत्यांचे स्थान ठळक आहे. दोन त्रिकोणांची माणसे, झाडे, बैल, झोपड्या, तारपा वाजविणारा वादक हे सारे गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषेत विखुरलेले असते आणि चारही बाजूंनी जोडता येते.

पालघर जिल्ह्याच्या डहाणू, तलासरी, जव्हार या परिसरातील वारली समाजात भिंतीवरील चित्राचे परंपरागत स्थान लग्नविधीशी निगडित आहे. शेणामातीने सारवून गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने सवासिणी चौक लिहितात. चौक म्हणजे नक्षीदार पट्ट्यांनी बंदिस्त केलेला चौरस. त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते आणि लहान चौकात घोड्यावरील पंचशिऱ्या हा देव असतो. धवलेरी लग्नाची गाणी म्हणते. चौकाभोवती झाडे, पशू, माणसे, नाच यांचा संसार मांडलेला असतो. चित्र त्या घरातील त्या लग्नासाठी असते आणि काळाच्या ओघात पुसट होत जाते.

या चित्रात पुनरावृत्ती नाही असे मुळीच नाही. चौकाच्या चारही बाजूंच्या पट्ट्यांत रेषा, त्रिकोण, साखळ्या सातत्याने येतात. परंतु ही पुनरावृत्ती काठाच्या जातीची आहे आणि ती मधल्या एकमेवाला कोंदण देते. देवी एकदाच येते. काठ तिला भोवतालच्या जगापासून वेगळे करतो. चौकाचा अर्थ या दोन गोष्टींवर उभा आहे. आतले व बाहेरचे यांत भेद आहे आणि आत कोणीतरी आहे.

आता हीच चित्रभाषा अखंड नक्षीत आणताना काय घडते ते पाहावे. केंद्र ठेवता येत नाही. कारण देवी दर चौरसात आली तर दुसऱ्या प्रकरणात सांगितलेल्या डागासारखी ती ओळीने दिसू लागेल. काठ ठेवता येत नाही. कारण काठ म्हणजेच सांधा आणि तो बुजविणे हेच तर तंत्राचे उद्दिष्ट आहे. उरतात ती भोवतालची माणसे, झाडे आणि पशू, म्हणजे चौकाच्या बाहेरचा संसार. तारपा नृत्याचेही तसेच होते. मूळ रचनेत वादकाभोवती नाचणाऱ्यांची साखळी वळण घेत उलगडत जाते. तिला आदी आहे, अंत आहे व मध्यभागी वादक आहे. नक्षीत तो वेढा लहान होऊन एका सुट्या चिन्हासारखा इतर चिन्हांमध्ये ठेवला जातो. नाचणारे असतात, मात्र ते कशाभोवती नाचत आहेत हे नाहीसे होते.

येथे कोणा आरेखनकाराचा हेतू वाईट आहे असे सुचवायचे नाही. बहुतेकांना चौक ठाऊकही नसेल. रूपाची अटच अशी आहे की जे सर्वाधिक अर्थपूर्ण आहे तेच तिला सर्वांत आधी गाळावे लागते. ओवेन जोन्स यांनी १८५६ मध्ये 'द ग्रामर ऑफ ऑर्नामेंट' या ग्रंथात जगभरच्या नक्षींचे नमुने रंगीत पट्टांवर एकत्र मांडले तेव्हा त्या वस्तूंपासून अलग झाल्या. तरीही प्रत्येक पट्टावर त्या परंपरेचे नाव तरी होते. अखंड नक्षीत ते नावही 'ट्रायबल' किंवा 'एथनिक' अशा शब्दांत विरघळते.

६. काही आक्षेपांचा विचार

या प्रतिपादनावर तीन आक्षेप संभवतात.

पहिला आक्षेप असा की, वारली चित्रे भिंतीवरून पूर्वीच उतरली आहेत. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ती कागदावर आली आणि गंजाड येथील जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांनी, जी चित्रे परंपरेने स्त्रिया काढीत असत, ती स्वतंत्र कलानिर्मितीच्या पातळीवर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मग संगणकावर येण्यास हरकत का असावी? हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर मशे यांच्याच चित्रांत सापडते. मासेमारीच्या जाळ्याची त्यांची चित्रे प्रसिद्ध आहेत. त्यांत जाळे जवळजवळ सारा पृष्ठभाग व्यापते. प्रथमदर्शनी ती पुनरावृत्त नक्षीच वाटते. परंतु हाताने ओढलेले ते जाळे कोठे दाट तर कोठे विरळ होते आणि ते कोणीतरी टाकलेले असते. कागदाने मशे यांच्याकडून भिंत काढून घेतली, पण त्याला चार कडा होत्या आणि मशे यांनी त्या कडांचा स्वीकार करून रचना केली. माध्यम बदलल्याने कला संपत नाही. प्रश्न नव्या माध्यमाचा नसून कडा पुसण्याच्या अटीचा आहे.

दुसरा आक्षेप उपजीविकेचा आहे. वस्तूंवर छापली जाणारी नक्षी कलावंतांना काम देते. वारली कलावंतच जेव्हा साड्या, पिशव्या, कागद यांवर चित्रे काढतात तेव्हा हे खरेच आहे. मात्र एकदा तयार झालेल्या आणि असंख्य वेळा उतरवून घेता येणाऱ्या नक्षीत नंतर कोणाच्याच हाताची गरज उरत नाही. भौगोलिक निर्देशांविषयीचा १९९९ चा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला आणि वारली चित्रकलेचीही त्याखाली नोंद झालेली आहे. परंतु हा कायदा मुख्यतः नावाचे रक्षण करतो. नावच न घेता केवळ आकृत्यांची ढब उचलणाऱ्याला तो कितपत अडवू शकेल, हा प्रश्न शिल्लक राहतो.

तिसरा आक्षेप सैद्धांतिक आहे. पुनरावृत्ती ही हीन नव्हे. जाळीकामात, अजरखसारख्या ठशांच्या छपाईत तिनेच सौंदर्य साधले आहे. हे पूर्णतः मान्य करावे लागेल. या परंपरांचा जन्मच पुनरावृत्तीतून झाला असल्यामुळे अखंड नक्षीत त्यांची फारशी हानी होत नाही. परंतु तेथेही जाळीला दगडी चौकट आहे आणि ठशांच्या वस्त्राला काठ आहे. ठसा उमटविणाऱ्याच्या हातून दोन ठशांच्या मध्ये जो किंचित फरक पडतो तो त्या वस्त्राचे वय आणि घर सांगतो. म्हणजे या परंपरांनाही सांधा लपविण्याची अशी निकड वाटलेली नाही.

७. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) अखंड नक्षी ही अर्थशून्य पार्श्वभूमी नसून एकमेवाला वगळणारी रूपव्यवस्था आहे.

२) तिचा उगम संगणकाच्या मर्यादित स्मृतीत व मंद संदेशवहनात आहे. ती मर्यादा दूर झाल्यावरही रूप टिकले. कारण कोठेही चालणारी व कशालाही बांधील नसलेली सजावट विकण्यास सोयीची असते.

३) एखादी परंपरा अखंड नक्षीत उतरविता येईल काय, हे तिच्यातील पुनरावृत्तीच्या जातीवर अवलंबून आहे. अंगाच्या जातीची नक्षी तग धरते, काठाच्या जातीची अर्धी उरते, चौकाच्या जातीची नाहीशी होते.

४) म्हणून अशा नक्षीच्या समीक्षेत 'ती सुबक आहे काय' या प्रश्नाआधी 'ती सलग होण्यासाठी काय पुसले गेले' हा प्रश्न विचारला पाहिजे.

हा प्रश्न केवळ आरेखनकारांचा नाही. आपल्या महाविद्यालयांच्या चर्चासत्रांच्या निमंत्रणपत्रिका, वार्षिकांक, प्रमाणपत्रे आणि मूल्यांकनासाठी सिद्ध केलेले अहवाल पाहिले तर वारली माणसांची अशी सलग रांग त्यांवर वारंवार आढळते. आदिवासी साहित्यावरील चर्चासत्राच्या पत्रिकेवर तर ती हमखास असते. आतील पानांवर आपण अस्मितेची, केंद्र आणि परिघाच्या नात्याची चर्चा करतो. मुखपृष्ठावर मात्र ज्यांचे केंद्र काढून घेतले आहे अशा आकृत्या पसरून ठेवतो. त्याऐवजी एखाद्या वारली कलावंताकडून एकच चित्र मागवावे, ते पानावर एकदाच, त्याच्या चारही कडांसह छापावे आणि खाली कलावंताचे व गावाचे नाव द्यावे. यासाठी लागणारा खर्च अल्प आहे आणि तंत्र तर १९९६ पासून उपलब्ध आहे. पुनरावृत्ती नको, एवढेच स्पष्टपणे लिहावे लागते.